काठाला दोन्ही बाजू असतात



सरांनी आम्हाला द्रवगतिशास्त्र शिकवायला सुरुवात केली ती अर्धवर्तुळापासून. एम.एस्सी.चा पहिला तास. त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्याचा व्यास काढला आणि विचारलं, "व्यासाची दोन टोकं परिघावरच्या कुठल्याही बिंदूला जोडली, तर तिथे कोन किती होतो?" हा शाळेतला प्रश्न. काटकोन, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. त्यावर सर म्हणाले, "मग वाहत्या पाण्यात उभ्या केलेल्या गोल खांबाला वळसा घालून पाणी कसं जातं, हे तुम्हाला कळलेलं आहे. कळलंय हे तेवढं अजून कळलेलं नाही." एवढं बोलून ते लिहायला लागले.

त्या तासाला त्यांनी जे लिहिलं, ते मी आज तुमच्यासमोर पुन्हा मांडणार आहे. त्यांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचं तर याहून योग्य विषय मला सुचला नाही. या पद्धतीचं नाव सीमा-संकलन पद्धत. संकलन म्हणजे इंटिग्रल. पाण्याचा, हवेचा, ध्वनीचा प्रश्न सोडवताना पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसून हिशेब करायचा आणि त्या हिशेबातून आतलं सगळं वाचायचं, अशी ही रीत आहे.

आधी नेहमीची रीत पाहू. खांबाभोवतीचं पाणी संगणकावर मांडायचं, तर त्या सगळ्या पाण्यावर जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीत वेग आणि दाब हे अज्ञात मानायचे, आणि शेजारी चौकटींचा एकमेकींशी मेळ घालायचा. ही रीत उत्तम आहे, जगभर बहुतेक काम तिच्यावरच चालतं. पण नदी आपल्या जाळीपाशी थांबत नाही. जाळी कुठेतरी संपवावी लागते, आणि ती जिथे संपते तिथे पाणी कसं वागतं हे आपल्या मनानं ठरवावं लागतं.

सीमा-संकलनात अज्ञात राशी फक्त खांबाच्या अंगावर असतात. बाहेरच्या पाण्यात एकही नसते. हे चालतं, कारण ज्या प्रवाहात भोवरे नाहीत आणि चिकटपणा दुर्लक्षिण्याजोगा आहे, त्याचं विभव, म्हणजे ज्याच्या उतारावरून वेग मिळतो ती राशी, एक कडक नियम पाळतं: कुठल्याही बिंदूवरची किंमत म्हणजे त्याच्याभोवतीच्या किंमतींची सरासरी. हाच लाप्लासचा नियम. असा नियम पाळणाऱ्या राशीला आतमध्ये स्वतःची मर्जी नसते. तारेच्या चौकटीवर साबणाचा पडदा धरलाय असं समजा. चौकट थोडीशी वाकवली की पडद्याचा मधला भागही मुकाट्यानं हलतो. मध्ये कुठे उंचवटा यावा, हे पडदा ठरवत नाही. चौकट ठरवते.

काठावरून आतलं काढायचं सूत्र ज्यानं दिलं, त्या माणसाविषयी सर नेहमी आवाज खाली आणून बोलत. जॉर्ज ग्रीन, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या एका पाववाल्याचा मुलगा, जन्म १७९३. आठव्या वर्षी शाळेत गेला आणि वर्ष-सव्वा वर्षात बाहेर पडला. वडिलांनी स्नेंटन इथे पवनचक्की बांधली, तिथे हा दळण दळत असे. १८२८ मध्ये त्यानं विद्युत आणि चुंबकत्वावर एक निबंध वर्गणी जमवून छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास होते. त्यातल्या कितींना आतलं गणित कळलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्या निबंधात त्यानं दाखवलं, की बंद पृष्ठभागाच्या आतलं विभव पृष्ठभागावरच्या माहितीतून संकलनानं मिळवता येतं. 'विभवाचं फलन' हा शब्दप्रयोगही त्यानं तिथेच केला. पुढे चाळिसाव्या वर्षी तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८४१ मध्ये वारला. चार वर्षांनी, १८४५ मध्ये, विल्यम थॉमसन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती तो निबंध लागला. तो पॅरिसला घेऊन गेला, तिथल्या गणितज्ञांना दाखवला, आणि क्रेलेच्या गणिती नियतकालिकात तो पुन्हा छापून आणला. हाच तरुण पुढे लॉर्ड केल्विन झाला. स्नेंटनची पवनचक्की आता दुरुस्त करून जतन केलेली आहे, आणि ती पुन्हा दळते.

आता सरांचा फळा.

एकसारख्या वेगानं वाहणाऱ्या पाण्यात गोल खांब उभा आहे. वरून पाहिलं की वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळाच्या कडेवर ठिकठिकाणी पाण्याचे बारीक उगम आणि निचरे आहेत अशी कल्पना करायची. त्यांची तीव्रता आपल्याला ठाऊक नाही, तीच शोधायची. अट एकच: खांबाच्या अंगातून पाणी आरपार जाता कामा नये. म्हणजे कडेवरच्या प्रत्येक बिंदूवर, कडेला लंब दिशेनं वेग शून्य हवा.

एका बिंदूवर उभं राहा. तिथल्या लंब वेगाचे तीन वाटेकरी आहेत. पहिला मूळ प्रवाह. दुसरे, कडेवरचे बाकी सगळे उगम. तिसरा, तुम्ही ज्याच्यावर उभे आहात तो उगम स्वतः.

बाकीच्यांचं आधी पाहू. उगमापासून लांब जावं तसा पाण्याचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. आपल्याला त्यातला लंब दिशेचाच भाग हवा, म्हणून कोनाच्या कोसाइननं गुणायचं. म्हणजे कोसाइन भागिले अंतर. आता आपल्या बिंदूतून व्यास काढा. व्यासाचं दुसरं टोक, आपला बिंदू आणि तो लांबचा उगम यांचा त्रिकोण झाला, आणि उगमापाशी काटकोन. तेव्हा अंतर म्हणजे व्यास गुणिले तोच कोसाइन! भागाकार केला की कोसाइन उडून जातो आणि उरतो एक भागिले व्यास. उगम जवळ असो की समोरच्या टोकाला, त्याचा वाटा त्याच्या तीव्रतेच्या प्रमाणात, आणि ते प्रमाण सगळ्यांना एकच. मग सगळ्यांचा मिळून वाटा हा तीव्रतांच्या एकूण बेरजेच्या प्रमाणात असणार. भरीव खांब पाणी देत नाही आणि घेतही नाही, म्हणून ती बेरीज शून्य. बाकीचे सगळे मिळून काहीच करत नाहीत!

उरले प्रवाह आणि आपण स्वतः. आपल्या पायाखालचा उगम जेवढं पाणी सोडतो, त्यातलं अर्धं बाहेर जातं आणि अर्धं खांबाच्या आत. बाहेरच्या वाट्याला येतं ते अर्धं. त्या अर्ध्यानं प्रवाहाचा लंब भाग खोडून काढायचा आहे, म्हणून तीव्रता लंब भागाच्या दुप्पट आणि उलट चिन्हाची. झालं उत्तर. खांबाच्या पुढच्या अंगाला उगम आणि मागच्या अंगाला निचरे. यावरून वेग काढला तर खांबाच्या दोन्ही कुशींना तो मूळ प्रवाहाच्या बरोबर दुप्पट येतो, आणि पुस्तकातलं उत्तरही तेच आहे.

मला यातलं ते 'अर्धं' फार मोलाचं वाटतं. कुठलाही बिंदू स्वतःवर किती परिणाम करतो, हा प्रश्न सरळ विचारला तर उत्तर अनंत येतं, कारण अंतर शून्य. पण काठाला दोन्ही बाजू असतात आणि तो दोघींना सारखं वाटतो, एवढं ओळखलं की अनंताच्या जागी अर्धं येतं. या अर्ध्यामुळेच ही समीकरणं सुटायला सोपी होतात. स्वीडनच्या इवार फ्रेडहोमनं १९०० मध्ये थोडक्यात आणि १९०३ मध्ये सविस्तर दाखवलं, की अशा समीकरणांना उत्तर कधी असतं आणि कधी नसतं याचे नियम साध्या रेषीय समीकरणांसारखेच आहेत. हा माणूस विमा कंपनीतही काम करत होता. संगणकावर आज अनुभव येतो तो असा: काठ गुळगुळीत असेल तर तुकडे कितीही बारीक केले, तरी उत्तराकडे पोचायला लागणाऱ्या फेऱ्या जवळपास तेवढ्याच राहतात.

वर्तुळाची गोष्ट काटकोनामुळे सुटली. विमानाच्या पंखाला असा काटकोन नाही. तिथे काठाचे तुकडे करून बेरीज मांडावी लागते. १९१७ मध्ये एरिक ट्रेफ्ट्झनं गोल छिद्रातून बाहेर पडणारी धार किती आकसते, हे संकलन समीकरणावरून आकडेमोड करून काढलं. हातानं. मोठं पाऊल पडलं ते अमेरिकेच्या डग्लस विमान कंपनीत. जॉन हेस आणि ए. एम. ओ. स्मिथ यांनी विमानाचा पृष्ठभाग सपाट चौकोनी पॅनेलांनी मढवला, प्रत्येक पॅनेलवर एकसारख्या तीव्रतेचा उगम मानला, आणि प्रत्येक पॅनेलवर एक असा बिंदू निवडला जिथे ते पॅनेल स्वतः आडव्या दिशेला काहीच वेग देत नाही. १९६२ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९६७ मध्ये सविस्तर लेख. सपाट चौकोनांनी वाकडा पृष्ठभाग मढवला की कडा नीट जुळत नाहीत, फटी राहतात. गणिती माणसाला हे पाहून अस्वस्थ व्हायला होतं. पण हिशेब त्या निवडलेल्या बिंदूंवर चालतो, आणि त्या बारीक फटींनी उत्तर बिघडत नाही. पुढची पॅनेल पद्धती याच दोघांच्या पायावर उभी राहिली.

पण या हिशेबात विमानाला मागे खेचणारं बल शून्य येतं. अठराव्या शतकात डालांबेअरला छळणारा तो विरोधाभास इथेही तसाच उभा राहतो, कारण आपण चिकटपणा सुरुवातीलाच बाजूला ठेवला होता. आणि पंखाला उचलून धरणारं बल हवं असेल तर मागच्या धारदार कडेपाशी हवा सरळ सुटली पाहिजे, ही कुट्टाची अट वेगळी घालावी लागते. समीकरण ती आपण होऊन सांगत नाही.

आता आकडे, कारण या पद्धतीची जाहिरात करताना लोक अर्धाच हिशेब सांगतात. एका घनाच्या प्रत्येक बाजूला शंभर भाग पाडले, तर जाळीच्या रीतीत दहा लाख चौकटी आणि काठाच्या रीतीत सहा बाजूंचे मिळून साठ हजार चौकोन. ऐकायला छान वाटतं. पण जाळीतली चौकट फक्त शेजाऱ्यांशी बोलते, एका ओळीत सात आकडे, म्हणजे सगळे मिळून सत्तर लाख. काठावरचा प्रत्येक चौकोन मात्र प्रत्येक चौकोनाशी बोलतो. साठ हजार गुणिले साठ हजार म्हणजे ३६० कोटी आकडे. ते नुसते साठवायलाच सुमारे २९ गिगाबाइट जागा लागते. बंदिस्त डब्यातल्या प्रश्नाला तेव्हा काठाची रीत महागच पडत असे. पाणी अमर्याद पसरलेलं असेल तिथे मात्र तिची खरी कमाई होती.

ही कोंडी येल विद्यापीठात फुटली. व्लादिमिर रोखलिननं १९८५ मध्ये आणि मग लेस्ली ग्रीनगार्डसह १९८७ मध्ये दाखवलं, की लांबच्या उगमांशी एकेकटं बोलायची गरजच नाही. आपल्या टपाल खात्यात कोल्हापूरहून नागपूरला जाणारी पत्रं एकेक करून जात नाहीत. ती एका थैलीत भरतात, थैली नागपूरला उघडतात आणि मग गल्लीगल्लीत वाटतात. तसंच इथे. जवळच्या उगमांचा परिणाम एका थोडक्या सूत्रात बांधायचा, ते सूत्र लांब पाठवायचं आणि तिथे उलगडायचं. गावं आणखी मोठ्या थैल्यांत बांधायची, जिल्हे त्याहून मोठ्या. थैली बांधताना किती चूक होते हे आधीच ठाऊक असतं, हवी तेवढी अचूकता राखता येते. ३६० कोटींचं काम साठ हजारांच्या काही पट एवढ्यावर येतं. मला विचाराल तर ग्रीनच्या निबंधानंतर या विषयात एवढी मोठी गोष्ट घडलेली नाही.

आता काठाच्या दोन बाजूंचा दुसरा अध्याय. तो जरा भुताटकीचा वाटेल.

खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती पाण्यात बांधून त्यांत लाटा सोडतात. बंदराच्या पाण्याला स्वतःचा एक ताल असतो. बाहेरून येणारी लाट त्या तालात आली तर आतलं पाणी हेलकावे घेऊ लागतं आणि बांधलेल्या बोटी आपटतात. वाकड्यातिकड्या आकाराच्या बंदरांचे हे ताल १९७० आणि १९७१ मध्ये ह्वांग व टक आणि ली यांनी किनाऱ्याच्या रेषेवरच संकलन करून काढले. लीनं आपली उत्तरं लाँग बीच बंदराच्या प्रतिकृतीशी ताडून पाहिली. बंदराच्या आत पाणी खरोखर आहे, म्हणून हे ताल खरे.

पण भरीव वस्तूवर आपटणारा ध्वनी याच रीतीनं मोजायला गेलं, की ठरावीक कंपनसंख्यांना उत्तर एकदम कोसळतं. आकडे वेडेवाकडे होतात. बाहेरच्या ध्वनीला त्या कंपनसंख्यांचं काही विशेष नसतं. शोध घेतला तर कळतं, की ती वस्तू आतून पोकळ असती तर तिच्या पोकळीचे जे ताल असते, नेमक्या त्याच या कंपनसंख्या. वस्तू भरीव आहे, आत काहीच वाजत नाही, तरी समीकरणात ती पोकळी घुमते. कारण समीकरण काठावर लिहिलंय, आणि आपण कोणत्या बाजूविषयी विचारतोय हे काठाला ठाऊक नाही.

यावर दोन उपाय निघाले. १९६८ मध्ये हॅरी शेंकनं सुचवलं, की वस्तूच्या आत काही बिंदू घ्या आणि तिथे ध्वनी शून्य असला पाहिजे अशा जादा अटी घाला. हे सोपं आहे आणि बरेचदा पुरतं. पण तो बिंदू नेमका अशा जागी पडला जिथे पोकळीचा तो ताल स्वतःच शून्य असतो, तर अट निरुपयोगी होते. १९७१ मध्ये बर्टन आणि मिलर यांनी मुळापर्यंत जाणारा उपाय दिला. काठावर दोन समीकरणं लिहिता येतात, एक विभवाचं आणि एक त्याच्या लंब बदलाचं. दोन्ही आपापल्या कंपनसंख्यांना फसतात. दुसऱ्याला एका काल्पनिक संख्येनं गुणून पहिल्यात मिळवलं, की त्यांचं मिश्रण कुठल्याच कंपनसंख्येला फसत नाही. काल्पनिक संख्या इथे काय करते? बाहेर जाणारी लाट कधी परत येत नाही आणि पोकळीतला ताल कायम घुमत राहतो, हा फरक ती समीकरणाला शिकवते. बाजू कोणती, ते समीकरणाला अखेर कळतं.

लाटेचं एक उदाहरण राहून गेलं तर मला चैन पडणार नाही. फुटणाऱ्या लाटेचा माथा पुढे वाकतो, गोल वळतो आणि पाण्याची जीभ खाली झेपावते. हे गणितात धरता येईल असं फार कमी लोकांना वाटत होतं, कारण पृष्ठभाग स्वतःवरच वळला की एका जागेवर उंची एकच उरत नाही. १९७६ मध्ये लाँगेट-हिगिन्स आणि कोकलेट यांनी पृष्ठभागावर बिंदू पेरले, त्यांना पाण्याबरोबर वाहू दिलं, आणि दर क्षणी फक्त पृष्ठभागावरचं संकलन समीकरण सोडवून पुढच्या क्षणाचे वेग काढले. लाट वळली. मात्र मध्येच पृष्ठभागावर करवतीसारखे दाते यायला लागले, ते शेजारच्या बिंदूंच्या सरासरीनं घासून काढावे लागले. हे दाते गणिताचे होते, पाण्याचे नव्हते. ते लपवून न ठेवता त्यांनी लेखात स्पष्ट लिहिलं, आणि पुढच्या अनेकांनी त्या दात्यांचं मूळ शोधण्यात वर्षं घातली. हर्णैच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उभं राहिलं की मला ती वळणारी लाट आणि ते दाते दोन्ही आठवतात. पाण्याची जीभ खालच्या पाण्याला टेकली की मात्र हिशेब संपतो. तिथून पुढे फेस, भोवरे, हवेचे बुडबुडे, आणि काठ कुठला हेच सांगता येत नाही.

शेवटचा अडथळा अजून शिल्लक आहे, आणि सभागृहात जे तरुण बसले आहेत त्यांना त्यात काम आहे. बारीक केशवाहिनीतून रक्तपेशी भिंतीला घासून जाते, किंवा तेलाचे दोन थेंब एकमेकांपाशी येतात. तिथे पाणी इतकं संथ चालतं की चिकटपणाच सगळं ठरवतो. तिथेही संकलनाची सूत्रं आहेत, आणि ती उत्तम चालतात. पण दोन काठ जवळजवळ टेकले, की एका काठावरच्या बिंदूला दुसरा काठ 'लांब' वाटत नाही आणि 'स्वतःचा'ही नसतो. अर्ध्याची युक्ती लागू पडत नाही आणि साधी बेरीजही चुकते. २०१३ मध्ये क्लॉकनर, बार्नेट, ग्रीनगार्ड आणि ओ'नील यांनी एक उपाय मांडला: काठापासून थोडं दूर, जिथे सगळं शांत आहे तिथे एक केंद्र धरा, तिथून विभवाचा विस्तार करा, आणि तो विस्तार काठापर्यंत आणून तिथली किंमत वाचा. तीन मितींत, हलत्या आणि आकार बदलणाऱ्या पृष्ठभागांवर हे स्वस्तात कसं करायचं, यावर अजून काम चालू आहे.

विद्यार्थ्यांना सर दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट करायला सांगत, तीच सांगून मी थांबतो. वर्तुळाऐवजी अष्टकोन घ्या. आठ पॅनेलं, आठ अज्ञात तीव्रता, आठ समीकरणं. प्रत्येक पॅनेलचा स्वतःवरचा वाटा अर्धा धरा, बाकीचे सात संकलनानं काढा. कॅल्क्युलेटर आणि वही पुरते, संध्याकाळ लागते. प्रवाहाला समांतर असलेल्या दोन पॅनेलांच्या मध्यावर वेग किती येतो ते पाहा. तो मूळ वेगाच्या दुपटीजवळ यायला हवा. भलताच काही आला, तर पहिल्यांदा समीकरणांच्या कोष्टकातल्या कर्णावरची ती आठ अर्धी तपासा.